मधोमध फिकी पडलेली गाठ: मँटल सेल लिंफोमातल्या पी५३ स्टेनचं एक प्रकरण

मँटल सेल लिंफोमा हा लसीकाग्रंथींतल्या बी-पेशींचा कर्करोग. या रुग्णाच्या पहिल्या अहवालात तीन आकडे होते. गाठीत पी५३ (ट्यूमर रोखणारं प्रथिन, बिघडलं की पेशीत साचतं आणि स्टेनमध्ये रंगतं) सुमारे ३५ टक्के, गाठीत की-६७ (वाढत्या पेशींची खूण) २० टक्के, अस्थिमज्जेत पी५३ निगेटिव्ह. तिन्ही आकडे मोजणाऱ्याने प्रामाणिकपणे मोजले होते. तिन्ही चुकले, आणि तिन्ही एकाच बाजूला चुकले: आजार होता त्यापेक्षा सौम्य दिसला. अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटणारी) बरोबर होती, मशीन बरोबर होतं, बॅचचा कंट्रोल उत्तम आला होता. बिघाड झाला होता तो गाठ शरीराबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या सहा-सात तासांत.

हे प्रकरण शिकवण्यासाठी मांडलेलं आहे. अशा केसेसमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे बारकावे एका रुग्णात एकत्र केले आहेत आणि रुग्णाचे व नमुन्याचे आकडे त्यानुसार घेतले आहेत.

रुग्ण आणि नमुना

६१ वर्षांचा पुरुष. चार महिन्यांपासून मान, काख आणि जांघेत न दुखणाऱ्या गाठी, प्लीहा बरगडीखाली तीन बोटं, भूक कमी. ताप नाही. तालुक्याच्या ठिकाणी काखेतली एक गाठ अख्खी काढली: ३.२ × २.४ × १.८ सेंमी, कवच शाबूत. महिना मे. गाठ पाऊण तास सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये राहिली. मग न कापता ४० मिलीच्या बाटलीत गेली. बाटलीत फॉर्मॅलिन (ऊती टिकवणारं, म्हणजे फिक्स करणारं, फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण) सुमारे २५ मिली, तेही एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग नळाचं पाणी असं बनवलेलं, आम्लता थोपवणारं बफर नाही. लॅबमध्ये पोचायला २० तास लागले. तिथे गाठीच्या आडव्या चकत्या केल्या आणि त्या त्याच संध्याकाळी प्रोसेसरमध्ये (ऊती मेणात बसवण्यासाठी तयार करणाऱ्या यंत्रात) गेल्या.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. अशा आकाराच्या गाठीचं घनफळ साधारण ७ मिली भरतं. फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट आणि शक्यतो वीसपट हवं, म्हणजे ७० ते १४० मिली. इथे साडेतीनपट होतं. फॉर्मॅलिन किती खोल शिरतं याचा ढोबळ नियम असा की खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मिलीमीटर आणि तास धरले तर गुणक सुमारे ३.६ घेतात. पहिले २ मिमी वीस मिनिटांत, ५ मिमीला दोन तास, आणि गाठीच्या पोटात ९ मिमीवर पोचायला सहा तासांहून जास्त. त्यातही शिरणं वेगळं आणि फिक्स होणं वेगळं. शिरलेलं फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांना बांधायला आणखी बरेच तास घेतं. आणि हा हिशेब उघड्या, मऊ ऊतीचा आहे. जाड कवच आणि खच्चून भरलेल्या पेशी या दोन्हींनी तो आणखी लांबतो. तेवढा वेळ गाठीचं पोट मे महिन्याच्या उन्हाळ्यात आपल्याच एन्झाइम्समध्ये विरघळत होतं.

निदान

निदानात अडचण आली नाही. एकसारख्या, लहान ते मध्यम आकाराच्या पेशी, केंद्रकाच्या कडा दुमडलेल्या, नोडची मूळ रचना पुसलेली, मध्ये मध्ये एकेकटे गुलाबी हिस्टिओसाइट (भक्षक पेशी). पेशींची जात ओळखणाऱ्या मार्करपैकी सीडी२०, पॅक्स५, सीडी५ पॉझिटिव्ह. सीडी१०, बीसीएल६, सीडी२३ निगेटिव्ह. सायक्लिन डी१ आणि सॉक्स११ पॉझिटिव्ह. मँटल सेल लिंफोमा.

या आजारात पी५३ स्टेन हौसेखातर करत नाहीत. युरोपीय मँटल सेल लिंफोमा नेटवर्कच्या चाचण्यांमधल्या नमुन्यांवर २०१८ साली आलेल्या कामाने दाखवलं की ५० टक्क्यांहून जास्त पेशींत पी५३ दिसलं तर त्याचा वाईट परिणामाशी संबंध आहे, आणि तो या आजाराची जोखीम सांगणारा मिपी स्कोर व की-६७ यांच्यापासून स्वतंत्र आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, नॉर्डिक देशांतल्या एमसीएल२ आणि एमसीएल३ चाचण्यांच्या विश्लेषणात ११ टक्के रुग्णांत पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ जनुकात म्युटेशन सापडलं. सायटॅराबिन आणि ऑटोलॉगस (स्वतःच्याच मूळपेशींचं) ट्रान्सप्लांट मिळूनही त्या गटाचं मध्यक आयुष्य १.८ वर्षं होतं. की-६७ ची रेघ ३० टक्क्यांवर धरतात. आता पहिल्या अहवालातले आकडे पुन्हा पाहा. ३५ हा पन्नासच्या आत, २० हा तीसच्या आत. ऑन्कॉलॉजिस्टच्या टेबलावर हा रुग्ण नेहमीच्या केमोइम्युनोथेरपीच्या वाटेला लागला असता.

बांगडी

चूक सापडली ती मायक्रोस्कोपने नव्हे. पी५३ ची स्लाइड पांढऱ्या कागदावर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर सेक्शनच्या कडेने तपकिरी कडं दिसत होतं, बांगडीसारखं, सगळीकडे सारख्या जाडीचं, साधारण २ मिमी. आतला भाग निळसर-पांढरा.

कडेत १००० पेशी मोजल्या: पाच फील्ड, प्रत्येकी २००. पॉझिटिव्ह केंद्रकं ८८ टक्के, बहुतेक गडद. मध्यभागी तशाच १००० पेशींत ३ टक्के. २४ × १८ मिमीच्या लंबवर्तुळात २ मिमीचं कडं क्षेत्रफळाच्या ३५ टक्के व्यापतं. ३५ टक्के भागात ८८ आणि ६५ टक्के भागात ३ याची सरासरी जवळपास ३३ येते. म्हणजे अहवालातला ‘सुमारे ३५’ हा आकडा ट्यूमरबद्दल काहीच सांगत नव्हता, तो फॉर्मॅलिन किती आत पोचलं ते सांगत होता. की-६७ चंही तसंच: कडेत ४८, मध्ये ६, सरासरी २१.

एक शंका रास्त आहे. ट्यूमरच दोन प्रकारचा असेल तर? मँटल सेल लिंफोमात पी५३ म्युटेशन असलेली उपशाखा एका भागात वाढलेली दिसू शकते. पण उपशाखा कवचाला समांतर, सगळीकडे २ मिमी जाडीने वाढत नाही. ती गठ्ठ्यांनी वाढते, आणि बहुतेकदा तिथल्या पेशींचं रूपही बदललेलं असतं.

तरी रूपावर निकाल देऊ नये. निकाल दिला तो सायक्लिन डी१ च्या स्लाइडने. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि हिस्टिओसाइट यांची केंद्रकं सायक्लिन डी१ ने रंगतात, मग त्या ट्यूमरमध्ये असोत वा बाहेर. कडेतल्या वाहिन्यांची केंद्रकं तपकिरी होती. कडं ओलांडून आत गेलं की तशाच वाहिन्यांची केंद्रकं कोरी. निरोगी पेशीसुद्धा आत रंगत नाहीत म्हटल्यावर तिथे ट्यूमर पेशी न रंगण्याला काही अर्थ उरत नाही. सीडी२० मात्र कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा सुंदर आला होता, आणि घोळ तिथेच झाला. पेशीआवरणावरचे बरेच अँटिजन (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ती प्रथिनं) या हालअपेष्टा सोसतात. की-६७, पी५३, सायक्लिन डी१ यांसारखे केंद्रकातले नाजूक अँटिजन आधी जातात. ‘सीडी२० चांगला आलाय, म्हणजे ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) चांगला आहे’ हा समज लॅबमध्ये फार पसरलेला आहे. पी५३ साठी ब्लॉकची लायकी ठरवायला सीडी२० कामाचा नाही, की-६७ कामाचा आहे.

साध्या एच-ई (नेहमीच्या गुलाबी-निळ्या स्टेनच्या) स्लाइडवरही खुणा होत्या, फक्त त्या शोधल्या नव्हत्या. मध्यभागी क्रोमॅटिन पुसट, सायटोप्लाझम जास्त गुलाबी, पेशींमध्ये भेगा. शिवाय रक्त साचलेल्या सायनसमध्ये काळपट-तपकिरी बारीक कण होते. आम्ल झालेल्या, बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये हिमोग्लोबिनपासून फॉर्मॅलिन पिगमेंट तयार होतं, ते हे. डॅबच्या (अँटिबॉडी कुठे चिकटली ते दाखवणाऱ्या तपकिरी) रंगाशी त्याची सहज गल्लत होते. ओळखायची सोपी रीत: प्रायमरी अँटिबॉडीविना केलेल्या निगेटिव्ह स्लाइडवर तेच कण त्याच जागी असतात, आणि ध्रुवित प्रकाशात चमकतात. काढायचेच असतील तर रिट्रीव्हलच्या (उकळून अँटिजन मोकळा करण्याच्या) आधी संपृक्त अल्कोहोलिक पिक्रिक आम्लात सेक्शन बुडवतात. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक होतं, त्याची बाटली कधीही सुकू द्यायची नाही.

स्टेनची पद्धत, आणि प्रत्येक पायरीवर काय बिघडतं

दोष अँटिबॉडीचा नाही हे सिद्ध करायला स्टेन पुन्हा केला. वापरलेली पद्धत सविस्तर देत आहोत, कारण ‘पी५३ केला’ या दोन शब्दांत बरंच काही दडून जातं.

सेक्शन ३ मायक्रॉन. लसीकाग्रंथीला ५ मायक्रॉन जाड पडतो. पेशी एकावर एक येतात आणि खालच्या गडद केंद्रकामुळे वरचं फिकटही पॉझिटिव्ह वाटतं. चार्ज्ड स्लाइडवर उचलून उभी निथळू द्यायची, ३७ अंशांवर रात्रभर आणि मग ६० अंशांवर एक तास. सेक्शनखाली पाणी अडकलं की तो उकळताना सुटतो आणि सुटलेल्या कडेखाली रंग साचून खोटी किनार तयार होते. ही खोटी किनार आणि वर सांगितलेली बांगडी यांत फरक आहे: खोट्या किनारीत केंद्रकांसकट सगळंच तपकिरी होतं, बांगडीत केंद्रकं स्वच्छ रंगतात आणि मधली जागा कोरी राहते.

सेक्शन ताजा हवा. आठ-दहा आठवड्यांपूर्वी कापून खोलीच्या तापमानाला डब्यात पडलेल्या स्लाइडवर पी५३ हळूहळू मंदावतो. ब्लॉकमध्ये अँटिजन टिकतो, कापलेल्या सेक्शनमध्ये झिजतो. ‘अनस्टेन्ड आहेत शिल्लक, त्यावरच करा’ ही काटकसर इथे महागात पडते.

झायलीन पाच पाच मिनिटं तीन वेळा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. रिट्रीव्हलला ट्रिस-ईडीटीए, पीएच ९.०: एका लिटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. वॉटर बाथमध्ये ९७ अंशांवर २० मिनिटं, किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर ३ मिनिटं. नंतर त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्यायचं. घाईने नळाखाली धरलं तर सेक्शन उचकटतात. सायट्रेट पीएच ६.० वरही पी५३ येतो, पण फिक्या पेशी तिथे हातून निसटतात.

प्रायमरी अँटिबॉडी डीओ-७ क्लोन, १:१००, २५ अंशांवर ३० मिनिटं, स्लाइडमागे २०० मायक्रोलिटर. डायल्यूशन पुस्तकातून उचलायचं नाही. १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० असे चार प्रयोग टॉन्सिलवर करून ठरवायचं. आणि ‘खोलीचं तापमान’ हा शब्द प्रोटोकॉलमधून काढून टाकावा. एसी नसलेल्या खोलीत जानेवारीत २० आणि मेमध्ये ३६ अंश असतात. एकच अँटिबॉडी दोन वेगळ्या ताकदीने काम करते. धुवायला ट्रिस बफर सलाइन, पीएच ७.६, त्यात ०.०५ टक्के ट्वीन. एचआरपी पॉलिमर (डॅबचा रंग उमटवणारं एन्झाइम जोडलेला) ३० मिनिटं, डॅब ५ मिनिटं दोनदा. हिमॅटॉक्सिलिन फक्त ३० सेकंद. गडद निळ्याखाली फिकट तपकिरी झाकला जातो, आणि पी५३ मध्ये फिकट तपकिरीलाच सगळा अर्थ असतो.

कंट्रोल त्याच स्लाइडच्या वरच्या टोकाला हवा, वेगळ्या स्लाइडवर नाही. त्यासाठी २ मिमीच्या तीन पंचचा छोटा ब्लॉक: टॉन्सिल, मिससेन्स म्युटेशन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारं) माहीत असलेला ट्यूमर, आणि पी५३ पूर्ण गेलेला ट्यूमर. टॉन्सिलमध्ये आवरणाच्या तळाच्या थरातल्या आणि जर्मिनल सेंटरमधल्या (बी-पेशी झपाट्याने वाढतात त्या भागातल्या) काही पेशी कमी-जास्त गडद दिसल्या पाहिजेत. त्या दिसल्या नाहीत तर स्टेन अशक्त आहे. दाणदाण गडद येणारा ट्यूमर एकटाच कंट्रोल म्हणून ठेवला तर अँटिबॉडी निम्म्यावर आली तरी तो पॉझिटिव्हच दिसेल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही.

या बॅचमध्ये तिन्ही पंच बिनचूक आले, बांगडी तशीच आली. मग रिट्रीव्हल २०, ३० आणि ४० मिनिटं असं वाढवत नेलं. मध्यभाग ३ टक्क्यांवरून फार तर ५ वर गेला. ४० मिनिटांना मधला सेक्शनच फाटला. फॉर्मॅलिनने जास्त जखडलेला अँटिजन जास्त उकळल्याने मोकळा होतो. विरघळून गेलेला परत येत नाही. इथे दुसरी गोष्ट घडली होती.

शून्याचा अर्थ

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग.

पी५३ प्रथिन निरोगी पेशीत सतत बनतं आणि सतत मोडलं जातं. एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला कचऱ्यात पाठवतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे वीस मिनिटं असतं. मिससेन्स म्युटेशन झालेलं पी५३ एमडीएम२ चालू करू शकत नाही, म्हणून साचतं आणि केंद्रक गडद रंगतं. डीओ-७ ला मूळ आणि बिघडलेलं यांतला फरक कळत नाही. ती फक्त साठा दाखवते. जनुकात मध्येच थांबा लागला, फ्रेम सरकली किंवा स्प्लाइसिंग बिघडलं तर प्रथिनच बनत नाही आणि स्टेन पूर्ण कोरा येतो. हा कोरेपणाही म्युटेशनचंच लक्षण आहे. डीओ-७ प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटते, त्यामुळे शेपूट तुटलेलं पी५३ काही वेळा रंगतंही, पण केंद्रकात जाण्याचा पत्ता सांगणारा भाग गेल्यामुळे सायटोप्लाझममध्ये.

गर्भाशयाच्या किंवा बीजांडकोशाच्या ट्यूमरमध्ये कोरा नमुना ओळखणं सोपं असतं: शेजारच्या स्ट्रोमाच्या पेशी थोड्याफार रंगलेल्या असतात, ट्यूमर ठार पांढरा असतो, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. लसीकाग्रंथीत ही सोय जवळपास नाही. विश्रांत लिंफोसाइटमध्ये पी५३ इतकं कमी असतं की ती मुळातच रंगत नाही. सामान्य टी-पेशीही कोऱ्या, मूळ पी५३ असलेल्या संथ लिंफोमाच्या पेशीही बहुतेक कोऱ्या, म्युटेशनमुळे पी५३ गमावलेल्या पेशीही कोऱ्या, आणि खराब फिक्स झालेल्या पेशीही कोऱ्या. चार वेगळ्या गोष्टी एकाच रंगाच्या. म्हणून लिंफोमात ‘पी५३ निगेटिव्ह’ एवढंच लिहिणं आमच्या मते अपुरं आहे. वाहिन्यांच्या अस्तराच्या किंवा मोठ्या प्रतिक्रियाशील पेशींपैकी काहींत तरी फिकट रंग त्याच फील्डमध्ये दिसतो का, ते लिहावं. दिसत असेल आणि ट्यूमरच्या हजार पेशींत एकही रंगलेली नसेल, तर ‘संपूर्ण अभाव, जनुक चाचणी आवश्यक’. शेजारीही काही दिसत नसेल, तर ‘वाचता येत नाही’.

इतर ट्यूमर-दमनकारी प्रथिनांचं याच कसोटीवर झटपट वर्गीकरण करता येतं. पीटेन, आरबी आणि पी२७ निरोगी पेशींत ठळक असतात: पीटेन वाहिन्यांच्या अस्तरात, पी२७ विश्रांत टी-पेशींत. यांची गैरहजेरी वाचता येते, कारण शेजारी हजेरी असते. पी१६ निरोगी लिंफोसाइटमध्ये बहुधा दिसतच नाही, त्यामुळे ब्लास्टॉइड (आक्रमक रूपाच्या) मँटल सेलमध्ये ९पी२१ (नवव्या गुणसूत्रावरची पी१६ च्या जनुकाची जागा) गळालं आहे का हे पी१६ च्या कोऱ्या स्लाइडवरून सांगू नये, फिशने (गुणसूत्राचा तुकडा चमकत्या प्रोबने शोधणाऱ्या चाचणीने) सांगावं. पी२७ मध्ये उलटा धोका असतो: टी-पेशी इतक्या गडद येतात की घाईत त्याच ट्यूमर म्हणून मोजल्या जातात.

कडेचा ८८ टक्के गडद रंग खरंच म्युटेशनचा की नुसत्या ताणाचा, हे पडताळायला शेजारच्या सेक्शनवर पी२१ केला. पी२१ चं जनुक पी५३ चालू करतं. मूळ पी५३ ताणामुळे वाढलं असेल तर पी२१ ही वाढतं आणि पी५३ चा रंग पेशीगणिक कमी-जास्त असतो, जसा जर्मिनल सेंटरमध्ये किंवा केमोथेरपीनंतर दिसतो. इथे पी५३ एकसारखा गडद आणि पी२१ ट्यूमर पेशींत ५ टक्क्यांच्या आत होता, टॉन्सिल कंट्रोल व्यवस्थित. पी२१ चा कोरेपणा फक्त कडेत वाचला. मध्यभागात त्याला अर्थ नव्हता. पी५३ तपकिरी आणि सीडी२० लाल असा दुहेरी स्टेनही केला, तेव्हा न रंगलेल्या १२ टक्के केंद्रकांपैकी बहुतेक टी-पेशींची निघाली. म्हणजे ट्यूमरची जवळपास प्रत्येक पेशी पॉझिटिव्ह होती.

अस्थिमज्जेचा खोटा निगेटिव्ह

मज्जेच्या ट्रेफाइनमध्ये (हाडासकट काढलेल्या तुकड्यात) लिंफोमाचे गठ्ठे स्पष्ट होते, सायक्लिन डी१ फिका पण होता, पी५३ शून्य. हाड मऊ करायला तो तुकडा तीव्र आम्लात रात्रभर ठेवलेला होता. तपासणी सोपी: मज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वज पेशी झपाट्याने वाढणाऱ्या असतात, की-६७ ने त्या लखलखीत रंगायला हव्यात. त्या कोऱ्या होत्या. एवढं पुरे. आधी १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, मग ईडीटीए १० ते १४ टक्के, पीएच ७.२ ते ७.४, २४ ते ४८ तास, असं केलं तर वेळ जास्त जातो पण केंद्रकातले अँटिजन टिकतात. डीएनएही टिकतो, तीव्र आम्लाने तो तुकडे तुकडे होतो, म्हणून या मज्जेतून जनुक चाचणी करायचा विचार सोडून दिला.

जनुकाकडून पडताळा

एच-ई स्लाइडवर कडं पेनने आखून घेतलं आणि १० मायक्रॉनचे आठ सेक्शन फक्त त्या भागात खरवडले. १७पी१३.१ च्या (टीपी५३ जिथे असतं त्या जागेच्या) फिशमध्ये २०० केंद्रकं मोजली, सोबत १७ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचा प्रोब. ८४ टक्के केंद्रकांत टीपी५३ चा एकच सिग्नल. पॅराफिन सेक्शनमध्ये केंद्रकं कापली जातात आणि सिग्नल खोटेच हरवतात, म्हणून सेंट्रोमिअरचे दोन सिग्नल शाबूत असलेल्या केंद्रकांतच नुकसान धरलं.

सीक्वेन्सिंगमध्ये कोडॉन २४८ वर आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन, म्हणजे टीपी५३ मधली जुनी ओळखीची जागा. इथलं आर्जिनिन थेट डीएनएला टेकतं. म्युटेशनचं प्रमाण ७८ टक्के. हा आकडा बाकीच्यांशी जुळतो का ते पाहणं गरजेचं असतं. ट्यूमर ८८ टक्के, दुसरी प्रत गळालेली: ट्यूमरकडून ०.८८ बिघडलेल्या प्रती, निरोगी पेशींकडून ०.१२ च्या दुप्पट ०.२४ चांगल्या प्रती. ०.८८ भागिले १.१२, म्हणजे ७८–७९ टक्के. स्टेन, फिश आणि सीक्वेन्सिंग तिघं एकच सांगतात. हा बदल जी ते ए असा आहे, आणि फॉर्मॅलिनही सायटोसिन बिघडवून तसेच खोटे बदल करतं. पण ते थोड्या टक्क्यांत विखुरलेले असतात, ७८ वर नसतात. प्रमाण ४ टक्के आलं असतं तर मात्र युरॅसिल-ग्लायकोसिलेज (असे खोटे बदल साफ करणारं एन्झाइम) वापरून पुन्हा केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवणं चुकीचं झालं असतं.

सुधारित अहवाल

जुना अहवाल नुसता बदलून चालत नाही. काय बदललं आणि का ते लिहावं लागतं. या प्रकरणात शेरा असा होता: ‘गाठीचा मध्यभाग फिक्सेशनअभावी केंद्रकीय अँटिजनसाठी वाचण्यायोग्य नाही. वाचण्यायोग्य कडेत पी५३ ८८ टक्के, गडद, म्युटेशनशी सुसंगत. पी२१ ५ टक्क्यांहून कमी. की-६७ ४८ टक्के. टीपी५३ म्युटेशन आणि १७पी डिलीशन दोन्ही सिद्ध. अस्थिमज्जेतला पी५३ अहवाल मागे घेत आहोत. आम्ल डीकॅल्सिफिकेशनमुळे तो नमुना या चाचणीसाठी अयोग्य.’ सोबत ऑन्कॉलॉजिस्टला फोन, कारण असा अहवाल फाइलमध्ये पडून राहणं परवडणारं नसतं. या निकालाने उपचाराची चर्चाच बदलते: फक्त केमोइम्युनोथेरपीवर भिस्त न ठेवता बीटीके इनहिबिटर (बी-पेशीचा वाढीचा संकेत अडवणारं औषध) असलेली योजना, शक्य असेल तर क्लिनिकल ट्रायल, आणि आजार उलटल्यास कार टी-पेशींचा (कर्करोग ओळखण्यासाठी जनुक बदललेल्या टी-पेशींचा) विचार लवकर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाल्यापासून हा पर्याय निदान चर्चेत तरी आणता येतो.

नमुना पाठवणाऱ्या ठिकाणी तीन गोष्टी गेल्या. १५० मिलीच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, लॅबमध्ये बनवलेल्या बफर्ड फॉर्मॅलिनने भरलेल्या: ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बाटलीवर दोन रिकाम्या जागा: गाठ काढल्याची वेळ, फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. आणि एक ओळीची सूचना: गाठ काढल्याबरोबर धारदार ब्लेडने मधोमध दोन भाग करा, मोठी असेल तर ३ मिमीच्या चकत्या. फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींच्या मार्कर तपासणीसाठी) ताजा तुकडा हवा असेल तर तो याच वेळी, फॉर्मॅलिन लागायच्या आधी, वेगळ्या डबीत आरपीएमआय माध्यमात. क्षयरोगाची शंका असेल तर कल्चरचा तुकडाही तेव्हाच, निर्जंतुक सलाइनमध्ये. एकदा फॉर्मॅलिन लागलं की त्यातला जिवाणू उगवत नाही. लॅबच्या बाजूला ग्रॉसिंगच्या (नमुना पाहून कापण्याच्या) टेबलावर नियम लागला की न कापता आलेली गाठ त्याच दिवशी प्रोसेसरमध्ये जाणार नाही: ३ मिमीच्या चकत्या, ताजं फॉर्मॅलिन, आणखी २४ तास. मधल्या भागाचं गेलेलं त्याने परत येत नाही, पण कडं २ मिमीपेक्षा रुंद मिळतं, आणि कोणत्या ब्लॉकचं कडं वाचायचं हे ग्रॉसिंग करणाराच ब्लॉकच्या नावापुढे लिहून ठेवतो.